दुखावलेल्या पायाचें मोल

मुरबाडजवळच्या म्हसा गांवीं पौष पौर्णिमेला जी जत्रा भरते, तिच्यांतील बैलबाजार ठाणें जिल्ह्यांत सर्वांना ठाऊक आहे. बैल घेणारा शेतकरी आधीं त्याचे दांत पाहतो, मग पाठीवरून हात फिरवितो, आणि शेवटीं जनावर दहा-वीस पावलें चालवून दाखवावयास सांगतो. पाय टाकतांना बैल किंचित् दबकला, तर भाव तेथल्या तेथें उतरतो. परंतु जाणता शेतकरी एवढ्यावर थांबत नाहीं. खुरांत खडा रुतला आहे कीं सांधाच बिघडला आहे, पेरणीपर्यंत पाय सुधारेल कीं नाहीं, हें तो विचारतो. केवळ दबकतो म्हणून जो बैल सोडून देतो त्याला, आणि स्वस्त मिळाला म्हणून जो डोळे मिटून घेतो त्यालाहि, औताच्या दिवसांत पश्चात्ताप करण्याची पाळी येते.

माणसाची तुलना बैलाशीं करणें शोभत नाहीं, हें खरें. पण ज्या व्यवहाराचा विचार येथें करावयाचा आहे, त्या व्यवहारानें स्वतःच लिलाव हें नांव धारण केलें आहे. तेव्हां तुलनेचा दोष वक्त्याच्या माथीं न येवो. प्रश्न असा आहे: धंदेवाईक खेळाडूच्या कराराचें वर्ष संपत आलें आहे, आणि नेमक्या त्याच वर्षीं तो जखमी झाला आहे. अशा वेळीं त्याची किंमत कोणत्या मापानें करावी? नोकरदार मनुष्य आजारी पडला तर रजा घेतो, आणि बरा झाल्यावर पूर्वीच्याच पगारावर खुर्चींत येऊन बसतो. खेळाडूची तशी सोय नाहीं. त्याचें शरीर हेंच त्याचें भांडवल. आणि भांडवलाला तडा गेलेला असतांनाच त्याला बाजारांत उभें राहावें लागतें.

हा प्रश्न अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या धंद्यांत फार चर्चिला जातो, कारण तेथें दोन संघ परस्परांत खेळाडूंची अदलाबदल करितात. आयझेया थॉमस हें तेथील गाजलेलें उदाहरण आहे. पांच फूट नऊ इंच उंचीचा हा खेळाडू, म्हणजे त्या उंच्यापुऱ्यांच्या मेळ्यांत अगदींच ठेंगू. परंतु २०१६-१७ च्या हंगामांत बोस्टनकडून खेळतांना त्यानें सामन्यामागें सरासरी २८.९ गुण मिळविले. त्याच हंगामाच्या अखेरीस त्याची कंबर, म्हणजे मांडीचा वरचा सांधा, दुखावला. करार संपावयास एकच वर्ष उरलें होतें. ऑगस्ट २०१७ मध्यें बोस्टननें त्याला क्लीव्हलंड संघाला देऊन कायरी अर्विंग हा खेळाडू घेतला. क्लीव्हलंडच्या वैद्यांनीं थॉमसला तपासलें, तेव्हां सांध्याची स्थिति पाहून त्या संघानें बोस्टनकडे आणखी भरपाई मागितली, आणि पुढें नवे खेळाडू निवडण्याचा एक जादा हक्क मिळाल्यावरच सौदा पुरा झाला. दुखऱ्या सांध्याला लोकांनीं असा रोख भाव लावलेला क्वचितच दिसतो. पुढें थॉमस क्लीव्हलंडसाठीं अवघे पंधरा सामने खेळला. फेब्रुवारी २०१८ मध्यें त्याला लॉस एंजेलिसला पाठविण्यांत आलें. आणि करार संपला तेव्हां डेन्व्हर संघानें त्याला नियमांत बसेल तेवढ्या किमान वेतनावर एका वर्षासाठीं घेतलें. बोस्टननें विकला तो योग्य वेळीं, असेंच म्हणावें लागतें. मात्र त्या शहराला ज्यानें वर्षभर जिंकून दिलें त्याच्या पदरीं काय पडलें, हा विचार मनांतून जात नाहीं.

हें झालें दूरदेशचें. आपल्याकडे बास्केटबॉलचा असा बाजार नाहीं. क्रिकेटचा आहे, आणि त्या बाजारांत आपल्याच जिल्ह्याचे दोन गोलंदाज एकाच वर्षीं, एकाच तऱ्हेच्या दुखण्यानें, एकाच लिलावांत उभे राहिलेले आहेत. वर्तकनगराहून ठाणें स्टेशन गांठून लोकल धरली, तर अर्ध्या तासाच्या आंत कल्याण येतें. तुषार देशपांडे तेथला. शार्दूल ठाकूर पालघरचा. पालघरला जावयाचें तर पश्चिम रेल्वेचा वळसा घ्यावा लागतो. आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो जिल्हाहि वेगळा झाला आहे. पण हे दोघे जन्मले, म्हणजे शार्दूल १९९१ मध्यें आणि तुषार १९९५ मध्यें, तेव्हां दोन्ही गांवें ठाणें जिल्ह्यांतच होतीं. मुंबईच्या मैदानावर खेळण्यासाठीं दोघांनींहि लहानपणीं किटबॅग सांभाळीत गाडीच्या गर्दींत उभें राहून प्रवास केला. शार्दूलला तर दिनेश लाड या शिक्षकानें बोरिवलीच्या शाळेंत आणून स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें, म्हणून तो प्रवास सुसह्य झाला.

इंडियन प्रीमियर लीगमध्यें दोघांचीं दैवें मात्र निरनिराळ्या दिशांनीं चाललीं होतीं. शार्दूलची कीर्ति आधीं वाढली. ऑक्टोबर २०१८ मध्यें हैदराबादेस तो पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीनें लंगडत बाहेर गेला. एवढ्यावर त्याचें कसोटी जीवन संपलें असें वाटावें, तों जानेवारी २०२१ मध्यें ब्रिस्बेनला त्याला दुसरी संधि मिळाली. तेथें त्यानें ६७ धांवा केल्या आणि सामन्यांत सात गडी बाद केले. त्याच वर्षीं ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकें; आणि जानेवारी २०२२ मध्यें जोहान्सबर्गला एका डावांत ६१ धांवांत ७ गडी. त्यानंतर महिन्याभरानें झालेल्या लिलावांत दिल्लीनें त्याला १० कोटी ७५ लाख रुपयांना घेतलें. पण वर्षानेंच दिल्लीनें तो अदलाबदलींत कोलकात्याला दिला, कोलकात्यानें आणखी वर्षानें सोडून दिला, आणि डिसेंबर २०२३ मध्यें चेन्नईनें ४ कोटींना घेतला. तेव्हां किंमत घसरली ती दुखापतीनेंच असें म्हणतां येत नाहीं. घसरगुंडी आधींच सुरू झाली होती.

तुषारची चढण उलट दिशेनें होती. चेन्नईनें २०२२ मध्यें त्याला २० लाखांना घेतलें होतें. २०२३ मध्यें त्यानें १६ सामन्यांत २१ गडी बाद केले आणि चेन्नई विजेती ठरली. २०२४ मध्यें १३ सामन्यांत १७ गडी. मध्यंतरीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें, बडोद्याविरुद्ध रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यांत त्यानें अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धांवा केल्या, आणि दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन १२० वर नाबाद राहिला. शेवटच्या जोडीनें २३२ धांवा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या अशा दोन्ही फलंदाजांनीं एकाच डावांत शतकें करण्याचा प्रसंग पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें त्यापूर्वीं एकदांच घडला होता: १९४६ मध्यें, ओव्हलवर, सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनीं २४९ धांवांची भागी केली तेव्हां. जुन्या लोकांना ती वार्ता अजून आनंद देते. जुलै २०२४ मध्यें हरारे येथें तुषार भारतातर्फे प्रथम खेळला.

आणि मग दोघांच्या पायांनीं एकाच वर्षीं दगा दिला. शार्दूलच्या पायावर जून २०२४ मध्यें लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्याच्या अगोदर मार्चमध्यें, रणजीच्या उपांत्य सामन्यांत तामिळनाडूविरुद्ध आपलें पहिलें प्रथम-दर्जाचें शतक ठोकल्यानंतर, दोन सामन्यांमध्यें जेमतेम तीन दिवसांची विश्रांति मिळत असेल तर खेळाडू जायबंदी होणारच, अशी स्पष्ट तक्रार त्यानें बोलून दाखविली होती. ती तक्रार त्याच्याच अंगावर आली. तुषारच्या घोट्याचें दुखणें वर्षाच्या उत्तरार्धांत बळावलें. त्याच्यावरहि शस्त्रक्रिया करावी लागली, आणि नव्या रणजी हंगामाच्या आरंभीं तो मैदानावर दिसला नाहीं. दोघांचे चेन्नईशीं असलेले करार संपले. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं अरबस्तानांत जेद्दा येथें मोठा लिलाव झाला. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करावयास १२० कोटींची मर्यादा होती, म्हणजे पैशाचा दुष्काळ मुळींच नव्हता.

तुषारला राजस्थाननें ६ कोटी ५० लाख रुपये दिले. शार्दूलचें नांव २ कोटींच्या मूळ किमतीला पुकारण्यांत आलें, आणि दहा संघांपैकीं एकाहि संघानें हात वर केला नाहीं.

येथें क्षणभर थांबावयास पाहिजे. कारण त्या दिवशीं तुषारचा पाय कोणीं चालवून पाहिलेला नव्हता. तो अद्याप सामने खेळूंच लागला नव्हता. उलट शार्दूल बरा होऊन ऑक्टोबरांतच मुंबईतर्फे उतरला होता. लखनौच्या इराणी चषक सामन्यांत अंगांत ताप असतांना तो सर्फराज खानच्या जोडीला फलंदाजी करीत राहिला आणि त्यानंतर त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. मुंबईनें तो चषक २७ वर्षांनीं जिंकला. तेव्हां जो बैल चालून दाखवीत होता तो गोठ्यांत राहिला, आणि जो बसून होता त्याच्यावर बोली चढली. हें उफराटें दिसतें खरें, पण त्यामागें कारणें आहेत, आणि तीं सगळींच वेडेपणाचीं नाहींत.

पहिलें कारण वयाचें. शार्दूल तेहतीस वर्षांचा, तुषार एकोणतीस. करार तीन वर्षांचे होते. पस्तीस वर्षांच्या द्रुतगती गोलंदाजाविषयीं शंका घेणें यांत अन्याय नाहीं. दुसरें कारण शेवटच्या दर्शनाचें. बाजाराला दोघांचें जें शेवटचें दर्शन झालें होतें तें २०२४ च्या हंगामांतलें: तुषारचे १७ गडी, आणि शार्दूलचे नऊ सामन्यांत पांच. मध्यंतरीं तुषार अदृश्य राहिला हें त्याच्या पथ्यावरच पडलें. चांगल्या आठवणीवर दुसरी आठवण चढली नाहीं. शार्दूल मात्र चार दिवसांच्या सामन्यांत घाम गाळीत होता, आणि वीस षटकांच्या खेळाचे सौदागर त्या घामाकडे पाहत नाहींत.

परंतु दुखापतीपुरताच विचार केला, तर भाव उलटे व्हावयास हवे होते असें वाटतें. द्रुतगती गोलंदाज चेंडू सोडतांना ज्या पायावर आदळतो त्या पायावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. जो गोलंदाज वेगावर जगतो, त्याच्या घोट्यांतील थोडासा ताठपणा त्याचें अर्धें अस्त्र हिरावून घेतो. तुषारची मदार जोरानें आपटलेल्या चेंडूवर. तेव्हां त्याच्या घोट्याचा धोका मोठा. शार्दूल कधींच फार वेगवान् नव्हता. गति बदलणें, बोटांच्या सांध्यांत धरलेला फसवा चेंडू टाकणें, आणि भागी जमली कीं ती फोडणें, हें त्याचें काम. शिवाय खालच्या क्रमांकावर बॅट चालविण्याची विद्या त्याच्यापाशीं आहे, आणि ती विद्या घोट्यांत नसते. ज्याच्या घरीं दोन धंदे आहेत त्याचा एक बसला तरी चूल विझत नाहीं. ही साधी गोष्ट शून्य बोली देणाऱ्या दहा जणांना हिशेबांत धरतां आली असती. साडेसहा कोटींच्या आंकड्यांत फार चूक नव्हती. चूक शून्यांत होती.

बाजाराची बाजूहि सांगितली पाहिजे. लिलाव होऊन चारच दिवस झाले, आणि २९ नोव्हेंबरला हैदराबाद येथें केरळविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यांत शार्दूलच्या चार षटकांत ६९ धांवा निघाल्या. त्या स्पर्धेंत इतका मार क्वचितच कोणाला बसला असेल. ज्यांनीं हात खालीं ठेवले होते त्यांनीं त्या रात्रीं स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल तर त्यांना दोष देतां येत नाहीं.

खेळाडूच्या संसारावर याचा काय परिणाम होतो, तें आंकड्यांनींच कळेल. चाळीसांहून अधिक प्रथम-दर्जाचे सामने खेळलेल्या क्रिकेटपटूला रणजी सामन्यांत दिवसाला ६०,००० रुपये मिळतात, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याला २ लाख ४० हजार. सामान्य गृहस्थाला हाहि आंकडा डोळे दिपविणारा वाटेल, आणि शार्दूलसाठीं कोणी रडावें असें मुळींच नाहीं. पण १० कोटी ७५ लाखांवरून तीन वर्षांच्या आंत शून्यावर येणें, हा धक्का लहान नव्हे. नियामक मंडळाच्या २०२३-२४ च्या करारयादींत त्याचें नांव १ कोटीच्या श्रेणींत होतें. पुढल्या यादींत तें राहिलें नाहीं. एका पायाच्या दुखण्यानें दोन्ही दारें एकाच वर्षीं लोटलीं गेलीं.

जानेवारी २०२५ उजाडला. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचे कसोटीवीर पहिल्या डावांत भराभर बाद झाले, तेव्हां शार्दूलनें ५१ धांवा काढल्या. दुसऱ्या डावांत पुन्हां पडझड झाली तेव्हां ११९. मुंबई हरली ती हरलीच, पण त्याचा डाव पाहणारे विसरणार नाहींत. आठवड्याभरानें, ३० जानेवारीस, मेघालयाविरुद्ध त्यानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. त्या रणजी हंगामांत त्याच्या नांवावर ५०५ धांवा आणि ३५ गडी जमा झाले. लिलाव नोव्हेंबरांत न होतां फेब्रुवारींत झाला असता, तर? पायाला बरें व्हावयास जे महिने लागतात, ते लिलावाच्या तारखेकडे पाहून ठरत नाहींत. आणि कराराच्या अखेरच्या वर्षांतील खेळाडूचें दुर्दैव तें हेंच.

पुढें जें झालें त्यांतहि एक गंमत आहे. मार्चमध्यें लखनौ संघाचा मोहसिन खान हा गोलंदाज गुडघ्याच्या दुखापतीनें बाहेर पडला. जखमी खेळाडूच्या जागीं बदली घेण्याची नियमांत सोय असते, आणि लखनौनें शार्दूलला त्याच्या मूळ किमतीस, २ कोटींस, घेतलें. एकाच्या दुखापतीनें बंद केलेलें दार दुसऱ्याच्या दुखापतीनें उघडलें. २७ मार्चला, ज्या हैदराबादेंत त्याला ६९ धांवांचा मार बसला होता, तेथेंच त्यानें ३४ धांवांत ४ गडी टिपले आणि या स्पर्धेंतील गड्यांचें शतक पुरें केलें. हंगामाच्या उत्तरार्धांत मात्र तो फिका पडला, महागहि ठरला. दहा सामन्यांत १३ गडी हा त्याचा जमाखर्च. तरीहि साडेसहा कोटींच्या तुषारपेक्षां २ कोटींच्या शार्दूलचे गडी त्या हंगामांत अधिक होते. त्यावरून राजस्थान फसलें असा निवाडा कोणी देऊं नये. शस्त्रक्रियेनंतरचें पहिलें वर्ष गोलंदाजाला लय सांपडण्यांतच जातें, आणि राजस्थाननें एका हंगामाचे नव्हे, तीन हंगामांचे पैसे मोजले आहेत.

लिलाव आणि अदलाबदल यांतील भेदहि येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. लिलावांत नांव पुकारल्यापासून हातोडा पडेपर्यंतचा काळ मिनिटांत मोजावा लागतो. शेजारच्या मेजावरचा काय करितो इकडेच अर्धें लक्ष. अदलाबदलींत दोन संघ आठवडे-आठवडे बोलतात, खेळाडूची संमति घेतात, वैद्यांचीं मतें घेतात. हंगाम संपल्यानंतर पुढल्या लिलावाच्या आठवडाभर आधींपर्यंत ही खिडकी उघडी असते. गोंगाटांतील किमतीपेक्षां अशा शांतपणें ठरलेल्या किमतीवर अधिक विश्वास ठेवावा.

नोव्हेंबर २०२५ मध्यें अशीच एक किंमत ठरली. मुंबई इंडियन्सनें शार्दूलला लखनौकडून घेतला, तो त्याच २ कोटींना. एक पैसा अधिक नाहीं, उणा नाहीं. या स्पर्धेंत अदलाबदलीनें संघ पालटण्याची त्याची ती तिसरी वेळ. त्याच सुमारास वेगळ्या सौद्यानें अर्जुन तेंडुलकर ३० लाखांना मुंबईहून लखनौला गेला. शार्दूल तेव्हां रणजींत मुंबईचें कप्तानपद सांभाळीत होता, आणि मध्यंतरींच्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें लीड्स व मँचेस्टर येथें दोन कसोटी सामनेहि खेळून आला होता. जेद्दाला ज्या पायाला कोणी विचारलें नाहीं, त्यावर त्यानें वर्षभर एवढें ओझें वाहिलें.

राजस्थाननें तुषारसाठीं जेद्दाला लावलेली बोली २०२७ च्या हंगामापर्यंतच्या हिशेबाची आहे. त्या हंगामाच्या अखेरीस तो बत्तीस वर्षांचा असेल. जेद्दाला नांव पुकारलें गेलें तेव्हां शार्दूल तेहतीस वर्षांचा होता.